‘मॅट’ सांगितलं होतं

बीरगांवात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने घरची दुनळी बंदूक रायपूरच्या एका परवानाधारक दुकानात दिली, तेव्हा दस्त्याला चमक नको असं बजावून सांगितलं होतं. पावतीवर ‘मॅट’ लिहूनही घेतलं. परत आला तो अक्रोडाचा दस्ता नव्या दिवाणासारखा चकचकत होता.

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कळलं नाही. गच्चीवर उन्हात दस्ता आडवा धरला, तर त्यात वरची विजेची तार दिसली. मग नजर पकडीकडे गेली. हात घट्ट बसावा म्हणून लाकडात कोरलेली बारीक जाळी लॅकरने पार बुजली होती. अंगठा सुळकन घसरला. घामेजल्या हातातून निसटणारी पकड काय कामाची? तक्रार केली तर मालक म्हणतो, “सब यही चमक माँगते हैं, भैया.” पावती पुढे केली, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. शेवटी कारागिराने चमक घालवायला तिथेच कोरडा पॉलिश पेपर घासून कडेचा थर लाकडापर्यंत उडवला.

चमक मारायला घाई चालत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर हाताला काही तासांत कोरडं लागतं, आतून कडक व्हायला कित्येक दिवस जातात. त्यानंतर 0000 नंबरची स्टील वूल मेण लावून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवावी. बारीक एकसारख्या ओरखड्यांनी प्रकाश विखुरतो, चमक मरते. कडांवर थर पातळ असतो, तिथे हात जपून. मॅट पीयूच्या डब्यात चमक मारणारी पूड तळाशी बसते; न ढवळता लावलं तर चकाकीच येणार. जाळीवर आधी चिकटपट्टी लावा.

इथे जवळच्या उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ ओल्या थरावर चिकटते, म्हणून काम बंद खोलीतच. पावसाळ्यात लाखेचं स्पिरिट पॉलिश पांढुरकं पडतं. जुन्या दस्त्याला जवसाचं तेलच शोभतं, पण तेलाचे बोळे ढिगाने टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

स्वस्त पडतं म्हणून बंदूक सुताराकडे नेऊ नका. 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. पॉलिशचा नमुना लाकडाच्या तुकड्यावर आधी बघा. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. त्या दुकानाने मजुरी पुरती वसूल केली, आणि तो थर खरवडून काढायचे वेगळे पैसे मागितले.