रायफलनंतर पुन्हा रिव्हॉल्व्हर

प्रश्न : बरीच वर्षे रायफल नेमबाजी केली. आता क्लबमध्ये पुन्हा रिव्हॉल्व्हर हाती घेतले आहे. मजा येते, पण गोळ्या विखुरतात. काय करावे?

उत्तर : सुरुवातीला विखुरणारच. रायफलला खांद्याचा, गालाचा आधार असतो. २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेत शस्त्र एकाच हातात तोलावे लागते. नजर पुढच्या माशीवर ठेवा. लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल. आधी हॅमर मागे ओढून सिंगल ॲक्शनने झाडा, चाप सावकाश व सरळ मागे दाबा. डबल ॲक्शन नंतर. प्रशिक्षकासमोर, सिलिंडर रिकामे असल्याची खात्री करून कोरडा सराव करा. रायफलने शिकवलेला श्वासावरचा ताबा इथेही कामी येतो. तूर्त गुण मोजू नका, सराव मात्र चुकवू नका.