ताटातील तूप, हातातील पडदा आणि घराचे आरोग्य

हिशेबाची आवड व्यापारी समाजास उपजतच असते. पेढीवरील जमाखर्चात चार रुपयांचा फरक निघाला तरी तो शोधून काढल्यावाचून आपणांस चैन पडत नाही. परंतु ज्या देहाच्या बळावर ही पेढी चालते आणि ज्या मुलांच्या हाती ती उद्या सोपवावयाची, त्यांच्या आरोग्याचा हिशेब मात्र वर्षानुवर्षे कोणी मांडीत नाही. तो मांडावा कसा, याची थोडी ओळख वाचकबंधुभगिनींस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू होय.

प्रश्न किरकोळ नाही. ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास करणारे ‘इंटरहार्ट’ हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याच माहितीच्या आधारे २००७ साली असे दाखविण्यात आले की, दक्षिण आशियातील लोकांस हृदयविकाराचा पहिला झटका साधारणतः वयाच्या ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांतील लोकांस तो ५९ च्या सुमारास येतो. ही सहा वर्षे व्यापारी कुटुंबात कोणती असतात? मुलगा नुकताच गादीवर बसू लागलेला असतो, कर्ज फिटत आलेले असते आणि ग्राहकांची ओळख अजून वडिलांच्याच नावाने असते. अशा वेळी कर्ता पुरुष वा घर सांभाळणारी माउली अंथरुणास खिळली, तर दोन पिढ्यांचे कष्ट डळमळतात.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि पित्तातील आम्ले यांच्या घडणीस ते आवश्यकच आहे. त्याचा मोठा भाग आपले शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा महत्त्वाचा असतो. हा मेणासारखा पदार्थ रक्तात विरघळत नाही. म्हणून तो प्रथिनांच्या वेष्टनांतून वाहून नेला जातो. त्यांपैकी एलडीएल हे वाहन माल शरीरभर पोचविते, तर एचडीएल हे उरलेला माल यकृताकडे परत आणते. पोचविलेला माल उचलला गेला नाही म्हणजे तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू लागतो आणि पुढे वाट अरुंद होते.

एलडीएल रक्तातून उचलून घेणारी ग्रहणद्वारे पेशींवर असतात. त्यांचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांस १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त मेद, म्हणजे तूप, लोणी, साय, खोबरेल यांत विपुल असणारा घट्ट जातीचा मेद, फार झाला की यकृतावरील या द्वारांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच गोष्टीत आहे.

१९६८ साली अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमहून अधिक कोलेस्टेरॉल अन्नातून घेऊ नये, अशी मर्यादा सांगितली. २०१५ ते २०२० या काळासाठी तेथील शासनाने जी आहारविषयक मार्गदर्शिका काढली, तीत हा आकडा गाळण्यात आला. त्यावरून काहींनी असा समज करून घेतला की, आता हवे ते खाण्यास मोकळीक झाली. वस्तुतः त्याच मार्गदर्शिकेत संपृक्त मेदाची मर्यादा, एकंदर उष्मांकांच्या शेकडा १० हून कमी, ही कायमच ठेवलेली आहे. अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा अन्नातील संपृक्त मेदच रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक वाढवितो, हा त्यातील मथितार्थ होय.

शाकाहार हे अभेद्य कवच नव्हे

“आम्ही शुद्ध शाकाहारी, आमचा कोलेस्टेरॉलशी संबंध काय?” हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. वनस्पतींपासून मिळणाऱ्या अन्नात कोलेस्टेरॉल नगण्य असते, हे खरे. डाळी, भाज्या, फळे आणि अखंड धान्ये यांवर आधारलेला शाकाहार हृदयास हितकरच आहे. तथापि आपले ताट तसे आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे. तूप आणि साय हे पदार्थ शाकाहारी असूनही त्यांत कोलेस्टेरॉल असते आणि संपृक्त मेद तर भरपूर असतो. खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल नसते, पण त्यातील शेकडा ८० हून अधिक भाग संपृक्त मेदाचा असतो. पामतेलातही तो जवळजवळ निम्मा असतो.

एक लहानसे गणित पाहू. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या प्रौढास संपृक्त मेदाची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम पडते. एक मोठा चमचा तुपात, म्हणजे सुमारे १४ ग्रॅममध्ये, कोलेस्टेरॉल फार तर ४० मिलिग्रॅम असेल. पण संपृक्त मेद ८ ते ९ ग्रॅम असतो. ६ टक्के मेद असलेले सायीचे दूध ३०० मिलिलिटर घेतले, तर आणखी ११ ग्रॅमच्या आसपास भर पडते. म्हणजे एक चमचा तूप आणि दोन पेले दूध एवढ्यातच दिवसाची मर्यादा जवळजवळ संपली. वरणावरची धार, पोळीला लावलेले तूप, इंदूरची शेव, बडोद्याचा चिवडा आणि पाहुण्यांसाठी आणलेला बेळगावचा कुंदा हे सारे अजून बाकीच आहे. केवळ कोलेस्टेरॉलचा आकडा पाहणाऱ्यास हे ताट निर्दोष वाटेल आणि त्याची फसगत होईल ती येथेच.

दुसरा शत्रू म्हणजे ट्रान्स मेद. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया अर्धवट केली की ते गोठते आणि त्यात हा मेद उत्पन्न होतो. तो एलडीएल वाढवितो आणि एचडीएल घटवितो, अशी दुहेरी हानी करतो. भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून तेले व स्निग्ध पदार्थांत त्याची मर्यादा शेकडा २ वर आणली. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने जे विघटित घटक वाढतात, त्यांसही शेकडा २५ ची कमाल मर्यादा घालण्यात आलेली आहे. किराणा, तेल व फरसाण हाच आपल्यापैकी कित्येक बंधूंचा व्यवसाय असल्याने हे नियम केवळ दंडाच्या भीतीने पाळावयाचे नाहीत. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापलेले असते. परंतु ते त्यात कधीच नव्हते, हे ग्राहकास सांगणे हाही सचोटीचाच भाग होय.

भारतीयांच्या रक्तात आणखी एक खोड वारंवार आढळते. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड अधिक, अशी ती जोडी होय. तिला मैदा, साखर, पोटाचा वाढलेला घेर आणि दिवसभराची बैठक यांचे साहाय्य मिळते. पेढीवर दहा तास बसून राहणाऱ्याने नुसते तूप सोडले आणि गोड चहाचे सहा पेले चालू ठेवले, तर त्याने अर्धेच काम केले असे म्हणावे लागेल.

महिन्याच्या यादीतील बेरीज

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील २००० उष्मांकांच्या नमुना ताटात तेल व तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलेले आहे. महिन्याचे ते माणशी सुमारे ८०० ग्रॅम होते. चार प्रौढांच्या घरास सव्वातीन किलो. आपल्या घरी येणाऱ्या किराणा मालाच्या यादीतील तेल, तूप व लोणी यांची बेरीज करावी, माणसांच्या संख्येने भागावी आणि काय निघते ते पाहावे. बाहेरून आणलेले फरसाण त्यात धरण्यास विसरू नये. कारण शेवेच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेलच असते.

यावर उपाय उपासमारीचा नव्हे. तूप अजिबात वर्ज्य करावे असेही नाही. ते मोजून घ्यावे. मूग, मटकी, हरभरा, मेथी, जवस व ओट यांतील चोथा एलडीएल कमी करण्यास मदत करतो. फरसाणाच्या वाटीऐवजी मूठभर शेंगदाणे वा बदाम ठेवावेत. मात्र दोन वर्षांखालील बालकांचे दूध-तूप या भीतीने तोडू नये. त्यांच्या मेंदूच्या वाढीस स्निग्धांश लागतो आणि वडील माणसांचे पथ्य त्यांस लागू नाही.

काही घरांत एलडीएल जन्मतःच फार असते. हा आनुवंशिक दोष जगात सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकास आढळतो आणि केवळ पथ्याने तो आटोक्यात येत नाही. घरातील पुरुषास ५५ वर्षांपूर्वी वा स्त्रीस ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल, तर त्या घरातील मुलांचेही रक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासून घ्यावे. इतरांनी विशीच्या सुमारास पहिली तपासणी करावी. डॉक्टरांनी दिलेले औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नये.

पडद्यापुढील घास

आता मुलांकडे वळू. हा विषय वेगळा वाटला तरी तो त्याच ताटाशी येऊन मिळतो. सून सासूबाईंस म्हणते, “आई, मोबाइल लावल्याशिवाय हा घासच घेत नाही हो.” आणि सासूबाईही नातवाचे पोट भरले, या समाधानात गप्प बसतात. परंतु चित्रांत गुंतलेल्या मुलास पोट भरल्याची जाणीव होत नाही. ते भूक नसताना खाते, चव न कळता गिळते, आणि पुढे पडदा दिसताच हात आपोआप वेफरच्या पुडीकडे जातो.

अमेरिकेतील सॅन होझे येथील दोन शाळांत केलेला एक प्रयोग १९९९ साली थॉमस रॉबिन्सन यांनी प्रसिद्ध केला. एका शाळेतील मुलांस दूरचित्रवाणी, चित्रफिती व त्यांवरील खेळ कमी करण्याचे शिक्षण सहा महिने देण्यात आले. आहार वा व्यायाम यांविषयी त्यांस वेगळा पाठ नव्हता. तरीही वर्षअखेर दुसऱ्या शाळेच्या तुलनेत त्या मुलांच्या अंगावरील मेदाची वाढ कमी आढळली आणि पडद्यापुढे बसून घेतलेली जेवणेही घटली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांखालील बालकास पडदा दाखवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलास दिवसाला एक तासाहून अधिक नको. त्याहून कमी तर उत्तमच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी, अशी मर्यादा सुचविली आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी एक तास घाम येईल असे खेळणे आवश्यक आहे. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत जवळच्याच वस्तू स्पष्ट दिसण्याचा दृष्टिदोष कमी प्रमाणात होतो, हाही एक मोठा लाभ होय.

नियम घराचा असावा, एकट्या मुलाचा नव्हे

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक अनुकरणीय पाऊल उचलले. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावयाचे, असा ठराव गावाने केला. त्यातील मर्म असे की, बंधन मुलांवर एकट्यांवर नव्हते, मोठ्यांवरही होते. आपल्या घरांत नेमके उलट घडते. वडील दुकान बंद करून येतात आणि जेवताना मोबाइलवर बाजारभाव पाहतात. त्याच वेळी मुलास मात्र “फोन ठेव” असे दरडावतात. मूल कानांनी शिकत नाही, ते डोळ्यांनी शिकते.

यास्तव चार नियम पुरेसे आहेत. जेवणाच्या वेळी कोणाच्याही हाती वा समोर पडदा नसावा. झोपण्यापूर्वीचा एक तास मोबाइल बैठकीच्या खोलीत ठेवावा, शयनगृहात नेऊ नये. रडणे थांबविण्यासाठी मोबाइल हे औषध म्हणून देऊ नये. आणि दिवसातून एकदा वडिलांनी मुलासह अर्धा तास पायी फिरावे. त्यात पित्याचे एचडीएल आणि पुत्राची संगत या दोहोंचाही लाभ आहे. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा रिवाज टिकून आहे, तेथे रात्रीचे अवेळी खाणे आपोआपच टळते. त्या मोकळ्या झालेल्या वेळेवर पडद्याने कब्जा करू नये, एवढे पाहावे.

संस्थेसही एक सूचना करावीशी वाटते. वार्षिक सभेच्या दिवशी सभासदांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या रक्ततपासणीची सोय करावी आणि अल्पोपाहारात तळणाऐवजी उसळ व फळे ठेवावीत. प्रत्येक सभासदाने येत्या महिन्याच्या किराणा यादीवर तेल-तुपाची माणशी बेरीज आपल्या हाताने लिहून ठेवावी. शेजारी घरातील मोबाइलचे रोजचे तासही लिहावेत. हल्ली तो आकडा मोबाइल स्वतःच दाखवितो. तीन महिन्यांनी दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत. ते उतरले, तर घराच्या खाती ती खरी जमा होय. चढले, तर कोणासही दोष न देता, सर्वांनी एकत्र जेवावयास बसून त्यावर विचार करावा.