जनुक काढलं तरी उंदीर ठणठणीत कसा?

प्रश्न : उंदरातलं एखादं जनुक काढून टाकलं तरी तो जन्मतो, वाढतो, त्याला पिल्लंही होतात असं वाचनात आलं. मग ते जनुक बिनकामाचंच म्हणायचं का? आणि असे प्रयोग ज्यांच्यावर होतात ती ‘कोअ‍ॅक्टिव्हेटर’ प्रथिनं करतात तरी काय?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, म्हणजे पहिला आपोआप सुटेल.

प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक रक्तातून पेशीत शिरतं आणि तिथल्या ग्राही प्रथिनाला चिकटतं. हे ग्राही डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं. एवढ्याने जनुक सुरू होतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, त्यामुळे जनुकाची नक्कल काढणाऱ्या यंत्रणेला तिथे शिरकावच नसतो. इथे कोअ‍ॅक्टिव्हेटर मदतीला येतात. एसआरसी-१ हा त्यांतला एक, १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात सापडलेला. तो स्वतः डीएनएला धरत नाही. तो ग्राहीला धरतो आणि पी-३०० सारख्या जोडीदाराला ओढून आणतो. पी-३०० हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चिकटवतो, गुंडाळी सैल होते आणि नक्कल निघू लागते. जनुक किती जोरात चालणार, हे बरंचसं या मंडळींवर ठरतं.

आता तुमचा उंदीर. एसआरसी-१ नसलेले उंदीर १९९८ मध्ये तयार झाले, आणि ते जगले, त्यांना पिल्लंही झाली. पण नीट तपासल्यावर दिसलं, की संप्रेरक मिळूनही त्यांचं गर्भाशय, स्तनग्रंथी, वृषण आणि प्रोस्टेट हवे तितके वाढत नाहीत. शिवाय त्याच कुळातल्या एसआरसी-२ चं प्रमाण वाढलं होतं. म्हणजे जनुक बिनकामाचं नव्हतं, भावंडाने त्याचा थोडाफार भार उचलला होता.

एसआरसी-२ काढलं, की मात्र झळ उघड दिसते. नरांचे शुक्रजंतू बेढब होतात, वयाबरोबर वृषण झिजतात. माद्यांमध्ये वार खुरटी राहते, आणि दोष बहुधा आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात असतो. दोन्ही भावंडं एकदम काढली, तर बहुतेक पिल्लं जगतच नाहीत.

पी-३०० ची गोष्ट आणखी कडक. ते अजिबात नसेल तर गर्भ ९ ते ११.५ दिवसांत दगावतो. इतकंच काय, पी-३०० आणि त्याचं भावंड सीबीपी यांची प्रत्येकी एक प्रत शाबूत असली, तरीही गर्भ वाचत नाही. अशा प्रथिनांचं नुसतं असणं पुरत नाही, ती पुरेशी असावी लागतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. एसआरसी-१ आणि २ यांची उणीव असलेल्या नराकडून धडधाकट मादी गाभण राहिली, तर ती एक-दोन दिवस उशिरा व्याली. उंदराचं गर्भारपण जेमतेम तीन आठवड्यांचं, तिथे हा उशीर मोठाच. मादीत काहीच उणं नव्हतं, उणीव बापाकडून पोटातल्या पिल्लांत आली होती. फुप्फुसं तयार झाली, की पिल्लू सर्फॅक्टंटमधलं, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणाऱ्या द्रवातलं, एक प्रथिन गर्भजलात सोडतं, आणि कळा सुरू करण्याचा इशारा आईला त्यातूनही मिळतो. या पिल्लांकडून तो इशाराच पुरेसा गेला नव्हता.