घटक ४ : शब्दांतून गाव वाचताना – हत्तरसंग कुडलचा भाषिक परिचय

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• गावाच्या परिचयात भाषिक सामग्रीचे स्थान सांगता येईल;
• सीमाभागातील शेती-संस्कृतीच्या शब्दांमधून भाषासंपर्क ओळखता येईल;
• आपल्या परिसरातील एखाद्या गावाची भाषिक नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, गावाचा परिचय लिहावयाचा झाला की आपण बहुधा लोकसंख्या, क्षेत्रफळ, देवालये आणि प्रमुख पिके यांची यादी करतो. ही माहिती आवश्यक आहे. परंतु ती तलाठ्याच्या दप्तरात आणि जनगणनेच्या पुस्तिकेतही मिळते. भाषेच्या अभ्यासकाने त्यापुढचा प्रश्न विचारावयास हवा : गावातील माणसे आपल्या जमिनीला, अवजारांना, सणांना आणि खुद्द गावाला कोणत्या शब्दांनी ओळखतात? ते शब्द कोठून आले? आणि त्यांपैकी कोणते आज मागे पडत आहेत? या दृष्टीने आपण सोलापूर जिल्ह्यातील एका लहानशा शेतकरी गावाकडे पाहणार आहोत.

४.२ स्थान आणि शेती
दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल वसले आहे. भीमेच्या पलीकडे कर्नाटक राज्य आहे. इ. स. १९५६ पर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच मुंबई राज्यात होते. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि नदी ही राज्याची सीमा झाली. सोयरसंबंध, बाजार आणि यात्रा मात्र त्या सीमेने थांबल्या नाहीत.

हा भाग अवर्षणप्रवण आहे. पावसाचा मोठा भरवसा भाद्रपद-आश्विनातील सरींवर असतो. त्या ओलीवर काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, पेरावयाची ही येथील जुनी रीत. तूर आणि हरभरा ही तिच्या सोबतीची पिके. भीमेवर उजनी धरण झाले, नदीकाठी विजेच्या मोटारी बसल्या आणि काठच्या पट्ट्यात ऊस आला. पीक बदलले की शब्दसंग्रहही बदलतो, हे सूत्र पुढील विवेचनात लक्षात ठेवा.

४.३ गावाचे नाव
कन्नडमध्ये ‘कूडु’ म्हणजे एकत्र येणे, मिळणे आणि ‘कूडल’ म्हणजे संगम. आपण जेव्हा ‘कुडल संगम’ असे म्हणतो, तेव्हा एकच अर्थ दोन भाषांत दोनदा उच्चारतो. अशा जोडशब्दाला द्विरुक्तीचा दोष म्हणून हिणवू नये. एका भाषेतील शब्दाचा अर्थ दुसऱ्या भाषेच्या श्रोत्याला कळावा, म्हणून असे शब्द घडतात. जेथे दोन नद्या मिळतात, तेथे नावातही दोन भाषा मिळाल्या आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगा. महात्मा बसवेश्वरांच्या वचनांशी ज्याचे नाव जोडलेले आहे ते कूडलसंगम कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावर आहे. दोन्ही नावांचा अर्थ एक असला, तरी गावे वेगळी आहेत.

४.४ तुळईवरचा लेख
येथील संगमेश्वर मंदिरातील तुळईवर देवनागरी लिपीत एक लेख कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्यावर शके ९४० हा काल आहे. त्यात ७८ मिळविले असता इ. स. १०१८ हे वर्ष येते. मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांमध्ये त्याची गणना होते. आद्यत्वाचा मान कोणत्या लेखाला द्यावा, याविषयी अक्षी येथील लेखाच्या संदर्भात विद्वानांमध्ये मतभेद आहेत. तो वाद आपण बाजूला ठेवू.

लेखाच्या अखेरीस येणारे ‘वाछि’, ‘विजेया’ आणि ‘होईवा’ हे शब्द पाहा. त्यांचा आशय, जो हे वाचील तो विजयी होईल, असा आहे. ‘वाछि’ मधील ‘छ’ आज उरलेला नाही आणि ‘होईवा’ हे रूपही प्रचारातून गेले आहे; तरीही ‘वाच’ आणि ‘हो’ हे धातू आपण सहज ओळखतो. या परिसरातील त्या काळच्या पुष्कळ लेखांची भाषा कन्नड आहे. कन्नड नावाच्या स्थळी मराठीतून वाचकाला आशीर्वाद दिला गेला, यावरून मराठी समजणारा वाचक तेथे अपेक्षित होता, एवढा निष्कर्ष निश्चित काढता येतो. गाव तेव्हा ‘मराठी’ होते की ‘कन्नड’, हा प्रश्न आजच्या सीमेचा आहे, त्या लेखाचा नव्हे.

४.५ शिवारातील शब्द
(अ) जमीन : जुन्या ग्रामव्यवस्थेत शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. मातीच्या रंगावरून आलेले हे शब्द गावाची मूलभूत विभागणी सांगतात.

(आ) अवजारे : पेरणीच्या अवजाराला मराठीत तिफण, पाभर असे शब्द आहेत. दक्षिण महाराष्ट्रात त्याबरोबर ‘कुरी’ हा शब्द ऐकू येतो. कन्नडमधील ‘कूरिगे’ या शब्दाशी त्याचे नाते स्पष्ट आहे.

(इ) सण : ज्येष्ठ पौर्णिमेचा बैलांचा सण या भागात ‘कारहुणवी’ म्हणून साजरा होतो. ‘पूर्णिमा’ हा संस्कृत शब्द कन्नडमध्ये गेला. तेथे आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ होऊन ‘हुण्णिमे’, ‘हुण्णिवे’ अशी रूपे झाली आणि त्यांतून ‘हुणवी’ मराठीच्या अंगणात आली. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन पूजा व वनभोजन करतात, ती ‘वेळ अमावास्या’ किंवा ‘येळवस’. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि या तिथीला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ न उमगल्याने तो ओळखीच्या ‘वेळ’ या शब्दाशी जोडला गेला. या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

(ई) मागे पडणारे शब्द : मळणीयंत्र येण्यापूर्वी शाळूची मळणी खळ्यावर होई. खळ्याच्या मध्यभागी ‘तिवडा’ रोवत, त्याभोवती बैलांची ‘पात’ फिरवत आणि मग वाऱ्यावर ‘उफणणी’ करीत. खळे गेले की या शब्दांचे वापरण्याचे ठिकाणच जाते. शब्दकोशात ते उरतील. पण हात कसा हलवावा, वारा कोणत्या अंगाने घ्यावा हे सांगणारी वाक्ये उरणार नाहीत.

४.६ तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण
शब्द प्रवासात अर्थ बदलतात, हे केवळ सीमाभागातच घडत नाही. इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रा हा मिनांगकाबाउ लोकांचा प्रदेश. भातशेती करणाऱ्या या समाजात वडिलोपार्जित म्हणावी अशी जमीन वास्तविक आईकडून मुलीकडे जाते. तेथील पारंपरिक ग्रामघटकाला ‘नगरी’ म्हणतात. शब्द संस्कृतातून गेलेला. आपल्याकडे तो शहराचा वाचक, तेथे शेतकरी गावाचा. आपण नुकताच वापरलेला ‘वडिलोपार्जित’ हा शब्दही तेथे कसा अपुरा पडतो, ते पाहा. म्हणून परक्या गावाचे वर्णन आपल्या शब्दांत उरकू नये. आधी त्या गावाचे शब्द समजून घ्यावेत.

४.७ नोंद कशी करावी
जनगणनेत मातृभाषेखेरीज व्यक्तीला येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद होते. गावाचा परिचय लिहिणारे मात्र बहुधा मातृभाषेपाशीच थांबतात. तुम्ही थांबू नका. घरात कोणती भाषा, बैलाशी कोणती, बाजारात कोणती आणि देवापुढे कोणती, असे स्वतंत्रपणे विचारा. शब्द ऐकाल तसाच लिहा. तो ‘शुद्ध’ करू नका. शब्दासोबत सांगणाऱ्याचे वय, व्यवसाय आणि एक पूर्ण वाक्य नोंदवा. वस्तू उपलब्ध असेल तर ती हातात घेऊनच विचारा.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. जुळे सोलापूरसारखी उपनगरे जेथे उभी राहिली, तेथेही एके काळी शिवारे होती. जेथे शेतांऐवजी भूखंडांचे क्रमांक आले, तेथे शेतांची जुनी नावे केवळ वृद्धांच्या स्मरणात राहतात. ती विचारणारे कोणी नसेल, तर सांगणारेही गप्प होतात.

सारांश
गावाचे नाव, मंदिरातील लेख, अवजारे आणि सण या चारही ठिकाणी हत्तरसंग कुडल येथे आणि त्याच्या परिसरात मराठी व कन्नड एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. राज्याची सीमा नकाशावर एका रेषेने दाखविता येते. भाषेची सीमा तशी दाखविता येत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखाने वाचणाऱ्याला विजय चिंतिला आहे. गाव वाचण्याचे काम आता तुमच्याकडे आहे.

स्वाध्याय
१. ‘कुडल संगम’ या नावाचा भाषिक उलगडा करा.
२. ‘कारहुणवी’ व ‘वेळ अमावास्या’ या शब्दांच्या आधारे शब्दांचे स्थलांतर आणि लोकव्युत्पत्ती स्पष्ट करा.
३. उपक्रम : सत्तरीपुढील एका शेतकरी स्त्रीला व एका पुरुषाला भेटून शेतीशी संबंधित पंचवीस शब्द त्यांच्या वाक्यांसह नोंदवा. दोघांच्या शब्दांत कोणता फरक आढळला, त्याची कारणमीमांसा करा.