स्त्री-उमेदवाराचे शिक्षण

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायतीवर एक धडा असतो. सरपंच, पंच, ग्रामसभा ही नावे विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे विसरूनही जातात. परंतु त्या पदासाठी उभी राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला प्रत्यक्ष काय काय शिकावे लागते, हे त्या धड्यात कोठेच येत नाही. पांढुर्णा व सौसर या आपल्या तहसिलींतील मुलामुलींनी तरी ते जाणून घ्यावयास हवे. कारण उद्या ज्या उभ्या राहतील त्या तुमच्याच आया, मावश्या आणि बहिणी होत.

प्रथम कायद्याविषयी थोडेसे. राज्यघटनेची 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. या दुरुस्तीनुसार सर्वांत आधी, 1994 साली, निवडणुका घेतल्या त्या आपल्या मध्य प्रदेशाने. पुढे येथे हा वाटा निम्म्यावर नेण्यात आला. अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्ग यांच्या राखीव जागांतही स्त्रियांचा वाटा असतो. म्हणजे संत्र्याच्या बागेत राबणारी कुणबी स्त्री, गोंड पाड्यावरची स्त्री आणि दलित वस्तीतील मजूर स्त्री, या तिघींनाही पंचायतीचे दार कायद्याने उघडलेले आहे.

दार उघडले, तरी उंबरठा ओलांडावयाचा असतो, आणि तो कागदांचा आहे. वय एकवीस पूर्ण हवे, मतदार यादीत नाव हवे, नामनिर्देशनपत्र मुदतीत भरावयास हवे. अनामत रक्कम, राखीव जागा असल्यास जातीचा दाखला, पंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला, हे सारे जवळ हवे. मग छाननीचा दिवस, माघारीचा दिवस, आणि त्यानंतर निवडणूक चिन्हाचे वाटप. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या नावावर होत नसल्यामुळे ही धावपळ करून देणारा पक्षाचा कार्यकर्ताही हाताशी नसतो. यादीतील नावाचे स्पेलिंग आणि दाखल्यावरील नाव जुळले नाही, माहेरचे आडनाव एकीकडे व सासरचे दुसरीकडे राहिले, की बाईची निम्मी हिंमत तेथेच खचते. भाषण कसे करावे हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. हे कागद चार महिने आधी काढून ठेवण्यास शिकविणारे फार थोडे.

आणि हे कागद हिंदीत असतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. आपल्या तहसिली मात्र मध्य प्रदेशातच राहिल्या. घरात मराठी, कार्यालयात हिंदी, ही येथील नित्याची रीत. पुरुषांना बाजारात, कचेरीत हिंदीचा सराव होतो. घर आणि शेत यांत आयुष्य गेलेल्या स्त्रीला तो होत नाही. गोंडी बोलणाऱ्या स्त्रीला तर दोन पायऱ्या चढावयाच्या असतात. माझी स्वतःची मातृभाषा कोकणी. मराठी मी शाळेत शिकले आणि हिंदी नोकरीच्या गावी. पदवी हाती असूनही पहिल्या वर्षी एका कचेरीतील सूचना मी दोनदा वाचली, आणि तरीही चुकीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मग कमी शिकलेल्या उमेदवार स्त्रीला पहिला धडा तिच्याच भाषेत मिळावा, असे मी म्हटले तर ते हिंदीच्या द्वेषाने नव्हे. अर्थ आपल्या भाषेत कळला की परकी अक्षरे आपोआप ओळखीची होतात.

तयारीने काय साधते हे पाहावयाचे असेल तर दृष्टी महाराष्ट्राकडे वळवावी. पुणे जिल्ह्यातील निंबुत गावी 1963 साली संपूर्ण पंचायत स्त्रियांची होती. तेव्हा आरक्षणाचे नावही नव्हते. 1986 साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनास फार मोठ्या संख्येने शेतकरी स्त्रिया जमल्या. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे 1989 मध्ये स्त्रियांचे संपूर्ण पॅनेल निवडून आले. या स्त्रिया एकाएकी उभ्या राहिल्या नव्हत्या. मेळावे, मोर्चे, शिबिरे यांतून चारचौघांत बसणे, उठून प्रश्न विचारणे, दुसऱ्या जातीच्या बाईशेजारी बसून एक ठराव लिहिणे, हे त्या आधी शिकल्या होत्या. मला या शेवटच्या शिक्षणाचे मोल सर्वांत अधिक वाटते. शिबिरात पाण्याचा प्रश्न निघाला, की ज्यांच्या अंगणात विहीर आहे त्या आणि ज्यांना हंडा घेऊन दूर जावे लागते त्या, एकाच सतरंजीवर येतात. तेथे गप्प बसलेली बाई पंचायतीतही गप्पच बसणार.

निवडून आल्यावरची परीक्षा याहून कठीण. पंचायतीच्या खात्यावर सरपंच व सचिव या दोघांचा अधिकार चालतो. आता डिजिटल सहीही आली आहे. ती सही कोणाच्या खिशात राहते, यावर खरा सरपंच कोण हे ठरते. 2022 च्या निवडणुकीनंतर आपल्याच राज्यात, सागर व दमोह या जिल्ह्यांतील काही गावांत, निवडून आलेल्या स्त्रियांऐवजी त्यांच्या घरच्या पुरुषांनी शपथ घेतल्याच्या बातम्या आल्या. ‘सरपंच-पती’ हा शब्द व्याकरणात बसतो, कायद्यात बसत नाही. मार्च 2025 मध्ये केंद्र शासनाने निर्वाचित स्त्रियांच्या प्रशिक्षणासाठी ‘सशक्त पंचायत-नेत्री अभियान’ सुरू केले, हे योग्यच झाले. तथापि निवडणुकीनंतरचे शिक्षण हे वार्षिक परीक्षेनंतर पुस्तक उघडण्यासारखे आहे. शिवाय राखीव जागा पाळीपाळीने फिरतात. पाच वर्षे खपून काम शिकलेल्या बाईची जागा पुढच्या खेपेस खुली झाली, तर पुन्हा उभे राहण्याचे धैर्य तिला कोणी द्यावयाचे?

यंदा वर्गात आम्ही लुटुपुटीची ग्रामसभा भरविली. कोरे नामनिर्देशनपत्र फळ्यावर काढले आणि प्रत्येकाने ते आपल्या आईच्या नावाने भरावे असे सांगितले. गाव, वय सर्वांनी लिहिले. मतदार यादीतील अनुक्रमांकाच्या रकान्याशी सारा वर्ग थांबला. काहींना तर आईचे यादीतले नाव आणि घरातले नाव वेगळे आहे की एकच, हेही ठाऊक नव्हते. तो रकाना घरी विचारून भरून आणावयाचा आहे. वाचक-पालकांनी मुलांना त्या कामी साहाय्य करावे.