क्वॉडचे सस्पेन्शन : आधी माप, मग माल

दुबई-शारजाच्या वाळवंटात हौशी लोक क्वॉड पळवतात. मोटारसायकलसारखे हँडल आणि चार रुंद टायर असलेली ही गाडी. आखातातील गॅरेजांत आपल्या भागातील कारागीरही काम करतात, म्हणून हा धडा.

गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘‘खडकाळ जागी गाडी उसळते, भारी शॉकअप बसवा.’’ अशा वेळी लगेच पाना उचलू नये. पुढील क्रमाने काम करावे. उदाहरणासाठी यामाहाची रॅप्टर ७०० आर घेऊ. हिला पुढे प्रत्येक चाकाला दोन ए-आर्म व एक शॉकअप, तर मागे स्विंग आर्मला मिळून एकच शॉकअप असतो. पुढची चाके सुमारे २३० व मागची सुमारे २५६ मिलिमीटर वर-खाली होतात.

१) तपासणी : गाडी जॅकवर घेऊन चाके हलवून पाहा. बॉल जॉइंट, ए-आर्मचे बुश किंवा स्विंग आर्मचे बेअरिंग ढिले असेल तर नवा शॉकअप बसवूनही दोष जाणार नाही. टायरची हवाही पाहा. क्वॉडला अगदी थोडे पौंड हवा लागते. मोटारीच्या अंदाजाने भरली तर गाडी उसळणारच.

२) मोजणी : चाके अधांतरी असताना चाकाच्या मध्यापासून वर चौकटीवरील खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घेऊन, मालकाला नेहमीच्या पोशाखात बसवून पुन्हा मोजा. फरक एकूण चालीच्या सुमारे एक तृतीयांश यावा. म्हणजे पुढे ७५ व मागे ८५ मिलिमीटरच्या आसपास. तो स्प्रिंगची कॉलर फिरवून जमवा. कॉलर आवळल्याने गाडी उंच होते, स्प्रिंग मात्र कडक होत नाही. माप जमवल्यावर रिकामी गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग त्या वजनाला नरम आहे. तेव्हा फक्त स्प्रिंग बदला.

३) स्क्रू : शॉकअप परतण्याचा वेग फार मंद असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली येत नाही, फार जलद असेल तर गाडी लाथ मारते. एका वेळी एकच स्क्रू, एक-दोन टिचक्या फिरवा आणि वहीत लिहून ठेवा.

४) तेल व गॅस : जुने तेल तापून पातळ होते आणि धक्का झेलत नाही. शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. दाब सोडल्याशिवाय तो कधीही उघडू नये. जिवाला धोका आहे. नायट्रोजनऐवजी साधी हवाही भरू नये, तिच्यात ओलावा असतो.

५) रुंद ए-आर्म : हे शेवटी. त्याने गाडी रुंद होऊन कलंडण्याचा धोका कमी होतो. पण लांब आर्ममुळे स्प्रिंगवर जोर वाढतो आणि जुनी स्प्रिंग नरम पडते. सोबत नवे शॉकअप, लांब टाय रॉड व ब्रेकचे पाइप लागतात. हा सगळा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

पहिल्या दोन कामांतच पुष्कळ तक्रारी मिटतात. त्यात माल विकला जात नाही, म्हणून ती फुकट करू नका. मोजणीची मजुरी उघडपणे घ्या. ढिल्या बॉल जॉइंटवर चकचकीत शॉकअप बसवला तर त्या दिवशी गल्ला भरेल, पण भरधाव वेगात तो सांधा निखळला तर गिऱ्हाइकाचा जीव आणि दुकानाची पत दोन्ही जातील.