जमिनीखालचा नळ

मंडळी, गोबरगॅस आपण पाहिला आहे. शेणाचा काला टाकीत कुजतो. त्यातून वायू निघतो आणि चूल पेटते. या वायूतला जळणारा भाग म्हणजे मिथेन. हाच मिथेन जमिनीच्या पोटातही असतो. कोळशाच्या खाणीतही तो निघतो. म्हणून खाणीत उघडा दिवा नेत नाहीत. वणीकडच्या खाणकामगारांना हे ठाऊक आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, समुद्राच्या तळाखाली, १९७४ साली तेल व वायू सापडला. तिथे विहिरी खोदल्या आहेत. ओढे नदीला मिळतात, तसा विहिरीविहिरीतला वायू लहान नळांनी एकत्र करतात. मग मोठ्या नळाने तो उरणला आणतात व तिथे स्वच्छ करतात.

आता दाबाची गोष्ट. मोटारीचे पाणी लांबच्या वावरात नेले, की धार बारीक होते. पाणी पाईपला आतून घासते आणि त्याचा जोर कमी होतो. वायूचेही तसेच. म्हणून लांबच्या नळावर मधे मधे ठाणी असतात. तिथे कॉम्प्रेसर नावाचे यंत्र वायूला पुन्हा दाबते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? तसा हा वायूही तापतो. त्याला थंड करून पुढे पाठवतात. गुजरातेतील हजिऱ्याहून उत्तर प्रदेशात गेलेल्या नळावर झाबुआ व विजयपूर येथे अशी ठाणी आहेत.

आपल्या विदर्भातही हे काम आले आहे. मुंबई-नागपूर-झारसुगुडा नळ समृद्धी महामार्गाच्या कडेने शेजारच्या अमरावती, वर्धा जिल्ह्यांतून जातो. म्हणून आपणही समजून घेऊ.

कोणी म्हणेल, "अहो, नळ वावरातून गेला तर वावर गेलं म्हणायचं का?" नाही. १९६२ साली यासाठी कायदा झाला. जमीन तुमचीच राहते. नळापुरत्या पट्ट्याच्या वापराचा हक्क तेवढा घेतला जातो. नळ पुरून माती सारखी केली, की कापूस, तूर, सोयाबीन पूर्वीसारखे पेरावे. मात्र त्या पट्ट्यात घर-गोठा बांधता येत नाही. विहीर किंवा तळे खोदता येत नाही. संत्र्याचे झाडही लावता येत नाही.

याचा मोबदला मिळतो. पट्ट्याच्या बाजारभावाचे शंभराला दहा रुपये मिळतात. पट्ट्याची किंमत एक लाख असेल, तर दहा हजार. पिकाचे, झाडांचे नुकसान झाले तर त्याची भरपाई वेगळी. रक्कम पटली नाही, तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

नळ टाकण्याआधी सरकारी जाहीरनामा निघतो. त्याच्या प्रती लोकांना मिळू लागल्या, की २१ दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते. हे दिवस फार महत्त्वाचे. आता तुम्हांला वाचता येते. गट नंबर पाहा, क्षेत्र पाहा, झाडे मोजा. वाचल्याशिवाय सही करू नका. कागदाची नक्कल घरी ठेवा.

शेवटी जिवाची गोष्ट. २७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील नगरम गावी नळातून वायू गळला व पेटला. वीसहून अधिक माणसे दगावली. शुद्ध मिथेनला वास नसतो. म्हणून वासावर भरवसा ठेवू नका. फुसफुस आवाज, उडणारी धूळ, डबक्यातले बुडबुडे, मधेच वाळलेले गवत, या खुणा ओळखा. खूण दिसली तर विडी पेटवू नका, मोटार-ट्रॅक्टर चालू करू नका. वारा येतो त्या बाजूला दूर जा. मग खुणेच्या खांबावरच्या नंबरावर फोन करा. तो नंबर आजच वहीत लिहून ठेवावा, असे आम्ही सांगतो.

प्रश्न
१. लांबच्या नळात वायूचा जोर का कमी होतो?
२. नळाच्या पट्ट्यात काय करता येते व काय करता येत नाही?
३. हरकत किती दिवसांत घ्यावी?